मान अडली की खांदा का ढळतो: घरच्या तपासणीपासून सहा आठवड्यांच्या व्यायामापर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा माणूस ‘खांदा दुखतोय’ एवढंच क्वचित म्हणतो. ‘मानगुटापासून खवाटा धरलाय’, ‘फऱ्यात कळ मारते’, ‘मान वळवली की हात जड होतोय’ अशा शब्दांत तो दुखणं सांगतो. शरीररचना न शिकताही मान आणि खांदा तो एका दमात सांगतो आणि तेच बरोबर असतं. पुढे उपचारात मात्र दोघांची ताटातूट होते. मानेला पट्टा बांधला जातो, खांद्याला मलम चोळलं जातं आणि दोघांना जोडणाऱ्या स्नायूंकडे कुणाचं लक्ष जात नाही.

हा लेख त्या जोडणीबद्दल आहे. मानेची हालचाल खांद्याच्या स्थैर्याला कुठे धरून ठेवते, ते घरी कसं तपासायचं, कोणता व्यायाम किती करायचा आणि लोक नेमके कुठे चुकतात, हे क्रमाने पाहू.

खुंटा, दावं आणि जनावर

आपला हात धडाला हाडाने फक्त एकाच ठिकाणी जोडलेला आहे: गळ्याच्या खळगीशेजारी, जिथे गळपट्टीचं हाड छातीच्या हाडाला मिळतं. फऱ्याचं, म्हणजे खांद्यामागचं, चपटं, तिकोनी हाड बरगड्यांवर नुसतं टेकलेलं असतं. त्याला जागेवर ठेवतात ते स्नायू. खांद्याला उखळीचा सांधा म्हणतात खरं, पण ही उखळ इतकी उथळ आहे की तिला बशी म्हणणं जास्त योग्य. दंडाच्या हाडाचा गोळा या बशीवर टिकायचा तर हात जाईल तिकडे बशीलाही वळावं लागतं. हात बाजूने उचलून कानाशी नेताना जे 180 अंश होतात, त्यातले ढोबळमानाने 120 अंश सांध्यातून आणि 60 अंश फरा फिरण्यातून येतात. हे 60 अंश अडले की गोळा बशीच्या वरच्या अंगाला रेटला जातो. मग वरच्या फळीतला डबा काढताना दंडाच्या बाहेरच्या बाजूला चमक येते.

फरा वर वळवण्याचं काम मुख्यतः दोघांचं. एक ट्रॅपेझियस, जो कवटीच्या पायथ्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला आहे आणि ज्याचा वरचा भाग गळपट्टीच्या हाडाच्या बाहेरच्या टोकाला जाऊन मिळतो. दुसरा सेराटस अँटिरियर, बगलेखाली बरगड्यांवर पंजासारखा बसलेला. यांच्याविरुद्ध ओढणारा तिसरा आहे, लेव्हेटर स्कॅप्युली. तो मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून निघून फऱ्याच्या आतल्या वरच्या कोपऱ्याला चिकटतो. खवाट्यात बोट रुतवून जी दुखरी गाठ लोक दाखवतात, ती बहुधा याच कोपऱ्याशी असते. हात वर जाताना हा कोपरा खाली उतरतो, म्हणजे लेव्हेटरला लांब व्हावंच लागतं. तो लांब झाला नाही तर ओढ त्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे मानेच्या मणक्यांना बसते.

गोठ्यातला खुंटा डोळ्यांसमोर आणा. मान हा खुंटा, हे स्नायू म्हणजे दावं आणि फरा म्हणजे जनावर. दावं आखूड असेल तर जनावर हलू शकत नाही. खुंटा सैल असेल तर दाव्याला हिसका बसला की खुंटाच डुगडुगतो. खुंटा घट्ट ठेवायचं काम मानेच्या पुढच्या बाजूला, अन्ननलिकेच्या मागे, मणक्यांना चिकटून असलेले खोल स्नायू करतात. दुखणं जुनं झालं की हे स्नायू आळसावतात आणि वरवरचे जाड स्नायू त्यांचं काम अंगावर घेतात. हे खोल स्नायू हाताने चाचपता येत नाहीत, म्हणून कुणाला आठवतही नाहीत. मानेच्या दुखण्यात सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते यांच्याकडे.

दुसरं नातं नसांचं. सेराटसला जाणारी नस मानेतल्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या मुळांपासून बनते. दंड उचलणाऱ्या डेल्टॉइडची आणि सांध्याभोवतीच्या छोट्या स्नायूंची नस पाचव्या-सहाव्यापासून. मानेत नस दबली असेल तर खांद्याचे कितीही व्यायाम केले तरी त्या स्नायूंना हुकूमच पोहोचत नाही. ट्रॅपेझियसची नस वेगळी. ती मानेच्या बाजूला कातडीच्या अगदी जवळून जाते. त्या भागातली गाठ काढल्यानंतर खांदा लोंबायला लागला आणि हात वर होईना, तर ते शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना लगेच सांगायला हवं.

तिसरं नातं पाठीच्या वरच्या भागाशी. ते आत्ताच करून बघा. पाठीला पोक काढून बसा आणि हात बाजूने वर न्या. मग ताठ बसून पुन्हा न्या. पोक काढल्यावर वीसेक अंश सहज कमी पडतात.

तट्ट वाटतं म्हणजे आखूड आहेच असं नाही

सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते इथे. मानेच्या बाजूचा स्नायू दगडासारखा लागतो म्हणून माणूस डोकं हाताने दुसऱ्या बाजूला ओढतो. दोन मिनिटं बरं वाटतं, संध्याकाळी पुन्हा तेच. महिनोन्‌महिने हा खेळ चालतो.

एका हाताचं वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे पाच टक्के असतं. साठ किलोच्या माणसाचा हात साधारण तीन किलोचा झाला. खांदे उतरलेले असतील तर हे तीन किलो दिवसभर मानेच्या त्या स्नायूवर लोंबकळत राहतात. तो ताणला जाऊन तट्ट झालेला असतो, कपडे वाळत घालायच्या ओल्या दोरीसारखा. त्याला आणखी ओढण्यात काय हशील? त्याला आधार हवा आणि नंतर ताकद हवी. उलट काहींचा फरा खरोखरच वर चढलेला असतो, मान आखडून खांदे कानाकडे गेलेले असतात. अशांना ताण देऊन फायदा होतो. दोघांना दुखतं एकाच जागी, इलाज मात्र उलटे.

आरशासमोर बनियनवर उभे राहा आणि गळपट्टीची हाडं पाहा. बाहेरच्या टोकाकडे ती जराशी वर चढत जायला हवीत. आडवी सपाट किंवा बाहेर उतरती दिसली तर खांदे उतरलेले आहेत. खूप उभी चढलेली आणि मान आखूड दिसत असेल तर खांदे चढलेले. दोन बाजू वेगळ्या असणं नेहमीचंच आहे. रोज एकाच खांद्यावर पिशवी अडकवणाऱ्याच्या बाबतीत तर हमखास.

आधी हे वगळा

हातात मुंग्या येऊन पकड सुटणं, शर्टाची बटणं लावताना दोन्ही हात अडखळणं, चालताना तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा बदलणं, पडल्यानंतर किंवा गाडीच्या अपघातानंतर सुरू झालेलं मानेचं दुखणं, ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी न थांबणारी वेदना: यातलं काहीही असेल तर पुढचे व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. मान वळवल्यावर चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं यात तर लगेच. डाव्या खांद्यात-जबड्यात कळ, सोबत घाम आणि धाप असेल तर तो मानेचा विषय नाही, थेट दवाखाना गाठा.

आणि सलूनच्या खुर्चीत मान मोडून घेणं बंद करा. दाढी झाली की दोन्ही बाजूंना ‘कट्ट’ करून देणारे कारागीर आपल्याकडे गावोगाव आहेत आणि गिऱ्हाईकही हौसेने मान पुढे करतं. मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात. अशा झटक्याने त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. मोडण्याच्या आवाजाने काही ‘जागेवर बसत’ नाही. तो सांध्यातल्या द्रवात तयार होणाऱ्या वायूच्या बुडबुड्याचा आवाज असतो.

चार तपासण्या

पाठीला टेका असलेली खुर्ची, दोन उशा आणि भिंत एवढं पुरे. मदतीला कुणी असेल तर बरं.

पहिली, मान वळवण्याची. खुर्चीत ताठ बसा, हात मांडीवर. मान सावकाश उजवीकडे वळवा आणि नाकाच्या रेषेत भिंतीवर जिथे नजर पोहोचते तिथे खडूने खूण करायला सांगा. डावीकडेही तसंच. तरुण माणसाची मान प्रत्येक बाजूला साधारण 80 अंश वळते, म्हणजे हनुवटी जवळजवळ खांद्याच्या रेषेत येते. साठीनंतर 60–65 आली तरी घाबरू नये. आता दोन्ही कोपरांखाली उशा ठेवून खांदे दोन-तीन सेंटिमीटर वर उचलले जातील असं बसा, हात पूर्ण सैल सोडा आणि पुन्हा वळवा. खूण बरीच पुढे गेली तर मान फऱ्याकडून ओढली जात होती. काहीच फरक पडला नाही तर अडथळा मानेच्या सांध्यांत किंवा पाठीत असण्याची शक्यता जास्त. शिंप्याच्या टेपने हनुवटी ते खांदा असं अंतर मोजू नका. उशांमुळे खांदाच वर आलेला असतो, अंतर आपोआप कमी भरतं आणि फसगत होते.

दुसरी, हाताची. भिंतीला पाठ लावून उभे राहा, टाचा भिंतीपासून दहा सेंटिमीटर पुढे. अंगठा वर करून हात समोरून उचलत भिंतीकडे न्या. कंबर भिंतीपासून जास्त सुटली, बरगड्या पुढे आल्या किंवा हनुवटी पुढे निघाली की तिथे थांबा, तोच तुमचा खरा पल्ला. बहुतेकजण इथेच स्वतःला फसवतात. हात भिंतीला लागतो, पण कंबर वाकवून.

तिसरी जरा नाजूक. डाव्या हाताची बोटं मानेच्या मागे मधोमध, केसांच्या रेषेच्या जरा खाली, मणक्यांच्या टोकांवर हलकी ठेवा. उजवा हात हळूहळू खांद्याच्या उंचीपर्यंत बाजूने उचला. बोटांखालचं हाड सरकल्यासारखं लागलं किंवा मान स्वतःहून कलली, तर खुंटा सैल आहे. मग बाजू बदलून बघा.

चौथी, मदतनिसासह. हात पूर्ण सैल सोडून दुसऱ्याला तो उचलू द्या. स्वतःहून हात अर्ध्यावर थांबतो पण दुसऱ्याने उचलला की सहज वर जातो, तर प्रश्न स्नायूंचा किंवा नसांचा. दुसऱ्यानेही जाईना, आणि कोपर कमरेला टेकवून मनगट बाहेर वळवतानाही अडतं, तर खांदा गोठलेला असू शकतो. मधुमेह असलेल्यांत हे जास्त दिसतं. गोठलेल्या खांद्याला मानेचे व्यायाम सोडवू शकत नाहीत. ते दुखणं महिन्यांच्या हिशोबाने चालतं आणि त्याचे उपचार वेगळे आहेत.

आणखी एक खूण लक्षात ठेवण्यासारखी. तळहात डोक्यावर ठेवल्यावर हाताची कळ कमी होत असेल तर ती मानेतल्या नसेची असण्याचा संभव मोठा, कारण त्या स्थितीत नसेवरचा ताण सैल होतो. खांद्याच्याच सांध्याचं दुखणं असेल तर हात तसा वर नेताना ते सहसा वाढतं.

पहिले दोन आठवडे: ओझं उतरवणं आणि खुंटा घट्ट करणं

नियम एकच: दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीला यायला हवं. नाही आलं तर मोजणी निम्मी करा.

झोपेपासून सुरुवात करा. कुशीवर झोपणाऱ्याची उशी खांदा आणि कान यांच्यातली जागा भरून काढेल एवढी हवी, दबल्यानंतर साधारण दहा-बारा सेंटिमीटर. उताणं झोपणाऱ्याला पाच-सहा पुरतात. पोटावर झोपणं म्हणजे रात्रभर मान एका बाजूला पूर्ण वळवून ठेवणं, ते सोडा. खांदे उतरलेल्यांनी बसताना कोपरांना आधार द्यायचा. नुसतं एवढं केलं तरी चार दिवसांत मानेचा तट्टपणा कमी झालेला जाणवतो, आणि ओढून ताणण्यापेक्षा ते जास्त टिकतं.

होकाराचा व्यायाम. उताणे झोपा, डोक्याखाली दोन सेंटिमीटर जाडीची टॉवेलची घडी, गुडघे दुमडलेले. डोकं न उचलता, ‘हो’ म्हणताना हलते तेवढीच हनुवटी खाली आणा. दहा सेकंद धरा, सोडा. दहा वेळा, दिवसातून एकदा. एका हाताची बोटं गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या जाड दोऱ्यांवर ठेवा. कानामागून छातीच्या हाडाकडे येणाऱ्या या दोऱ्या मऊ राहिल्या पाहिजेत. त्या टणक झाल्या तर तुम्ही जोर लावताय, हालचाल निम्मी करा. इतकं सौम्य करून काय होणार असं वाटतं, पण जोर वाढवला की खोल स्नायू सुटतात आणि वरचेच काम करतात. दात आवळू नका. जीभ टाळूला टेकवली की जबडा सैल राहतो.

आधार देऊन मान वळवणं. पहिल्या तपासणीतल्यासारख्या उशा कोपरांखाली घ्या. डोक्याच्या शेंड्यातून खाली सळई गेली आहे अशी कल्पना करून तिच्याभोवती मान फिरवा. कान खांद्याकडे झुकता कामा नये. श्वास सोडत वळा, शेवटी दोन सेकंद थांबा, परत या. प्रत्येक बाजूला आठ वेळा, दिवसातून तीनदा. मानेच्या एकूण वळण्यापैकी जवळजवळ निम्मं वळण सगळ्यांत वरच्या दोन मणक्यांमध्ये होतं. म्हणून हनुवटी पुढे काढून वळलात तर वरचा भाग अडकतो आणि खालचे मणके गरजेपेक्षा जास्त पिळले जातात.

पाठ उघडणं. चादरीची घट्ट गुंडाळी करा, जाडी दहा सेंटिमीटर. जमिनीवर झोपून ती फऱ्यांच्या मध्यावर आडवी ठेवा, मानेखाली नाही. दोन्ही हातांनी डोकं मागून धरा आणि सावकाश आठ श्वास घ्या. गुंडाळी दोन बोटं वर सरकवा, पुन्हा आठ. हाडं ठिसूळ झालेल्यांनी हा व्यायाम करू नये. त्यांनी खुर्चीच्या पाठीला टेकून छाती जराशी वर उचलली तरी पुरे.

तिसरा ते सहावा आठवडा: फऱ्याला वर वळायला शिकवणं

आता दाव्याच्या दुसऱ्या टोकाकडे. एक दिवसाआड, प्रत्येकाचे तीन संच.

भिंतीवर हात सरकवणं: भिंतीकडे तोंड करून उभे राहा, कोपरापासून करंगळीपर्यंतचा भाग भिंतीला टेकवा, खाली रुमाल ठेवला की हात घसरतात. भिंत हलकी रेटत हात इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखे वर न्या. खांद्याच्या वर गेल्यावर फऱ्यांना वर जाऊ द्या. ‘खांदे खाली ठेवा’ ही सूचना व्यायामशाळांत सर्रास दिली जाते, आणि हात डोक्यावर नेताना ती चुकीची आहे. फरा खाली दाबून धरला तर ते 60 अंश येणार कुठून? दहा वेळा.

वरच्या वर खांदे उडवणं: त्याच स्थितीत, हात डोक्यावर भिंतीला टेकलेले असताना, खांदे कानाकडे उचला, पाच सेकंद धरा, सोडा. दहा वेळा. हात खाली लोंबते ठेवून खांदे उडवले तर लेव्हेटरच पुढे पुढे करतो. हात वर असताना फरा आधीच वळलेला असतो, म्हणून काम ट्रॅपेझियसकडे जातं. उतरलेल्या खांद्यांसाठी सहा आठवड्यांतला एकच व्यायाम निवडायचा झाला तर आम्ही हा निवडू.

भिंतीवरचा दंड, शेवटच्या धक्क्यासह: हात खांद्याच्या उंचीवर, पाय भिंतीपासून दोन फूट. कोपर वाकवून छाती भिंतीजवळ न्या, परत या, आणि कोपर सरळ झाल्यावर भिंतीला आणखी दोन सेंटिमीटर ढकला. दोन फऱ्यांच्या मधली पाठ भरून येते तिथे सेराटस कामाला लागलेला असतो. या धक्क्याच्या वेळी डोकं खाली पडतं, तिथे ‘हो’ची हनुवटी लावून ठेवा. बारा वेळा. मदतनिसाने मागून पाहावं. फऱ्याची आतली कड पंखासारखी पाठीपासून उचललेली दिसली आणि दोन आठवड्यांत सुधारली नाही, तर सेराटसची नस तपासून घ्यायला हवी.

ताण द्यायचाच असेल तर फक्त खांदे चढलेल्यांनी, आणि तोही असा: दुखऱ्या बाजूचं कोपर डोक्यापेक्षा उंच भिंतीला टेकवा, म्हणजे फरा वर वळलेला राहील. मान दुसऱ्या बाजूला 45 अंश वळवा आणि त्या बाजूच्या बगलेकडे बघितल्यासारखी खाली आणा. हाताने ओढू नका, डोक्याचं साडेचार-पाच किलो वजन पुरेसं आहे. वीस ते तीस सेकंद, तीन वेळा. नुसतीच मान खाली घातली आणि फरा मोकळा सोडला तर तो मागोमाग वर येतो आणि ताण कुठेच पोहोचत नाही.

चौथ्या आठवड्यापासून यात ओझं घाला. पाच लिटर पाण्याची बादली एका हातात घेऊन तीस पावलं, मग हात बदलून. खांदा बादलीकडे खेचला जाऊ न देता आणि उगाच कानाकडे न चढवता चालायचं. दर आठवड्याला एक-दोन लिटर वाढवा.

काम तेच राहणार, मग काय?

निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास मान खाली घालून बसतात. बोटं चपळ चालतात, पण खांदे जागचे हलत नाहीत. सूप मांडीवरून उचलून पाटावर किंवा दुमडलेल्या घोंगडीवर घेतलं आणि दोन्ही कोपरांखाली उशी आली, की मानेचा वाक कमी होतो आणि हातांचं वजन उतरतं. एक जुडी बांधून झाली की दोन्ही हात डोक्यावर नेऊन तीनदा खांदे उडवायचे. वेगळी वेळ काढायला सांगितली तर कुणी काढत नाही, जुडीशी जोडलं की लक्षात राहतं.

खानापूर तालुक्यातली पावसाळी रोपलावण याच्या उलट. कंबरेत वाकलेलं शरीर, आणि पुढचा वाफा दिसावा म्हणून मागे मोडलेली मान. इथे नजर खाली ठेवून मान पाठीच्या रेषेत राहू द्यायची आणि पुढे पाहायचं तेव्हा उभं राहून पाहायचं.

चिकोडी, अथणी, रायबाग पट्ट्यात गाळप हंगामात उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढतात. डोक्यावरचं ओझं मधोमध असेल तर मान ते बऱ्यापैकी पेलते, घात होतो तो कललेल्या मोळीने. चुंबळ जाड आणि मऊ हवी, मोळीचा मध्य तिच्यावर आला पाहिजे, आणि उचलून द्यायला दोघं हवेत. एकट्याने झटक्यात डोक्यावर घेताना मान वळलेली आणि हात वर अशी सगळ्यांत कमकुवत स्थिती होते. ओझं टाकतानाही तसंच: मान झटकून फेकू नका, आधी गुडघे वाकवा.

वडगाव-शहापूरच्या मागांवर आणि उद्यमबागेतल्या यंत्रांवर एकाच बाजूला मान वळवून उभं राहावं लागतं. उभं राहण्याची जागा बदलता येत असेल तर पाय त्या दिशेने वळवा, म्हणजे मान सरळ राहील. येत नसेल तर जेवणाच्या सुट्टीत उलट्या बाजूला आधार देऊन आठ वेळा वळवण्याचा व्यायाम करा.

तालमीतल्या पोरांसाठी: डोकं टेकवून पूल करायच्या आधी होकाराचा व्यायाम दहा सेकंदांचा दहा वेळा सहज जमला पाहिजे. तो जमत नसताना पुलावर घेतलेलं वजन खोल स्नायूंना चुकवून थेट सांध्यांवर जातं. आठवड्यात दोनदा, कपाळावर, मागे आणि दोन्ही कानांवर तळहात ठेवून पाच-पाच सेकंद जेमतेम वीस टक्के जोराने रेटणं ही त्याची पहिली पायरी.

आणि भरतीची तयारी करणारी मुलं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्याने पहाटे मैदानांवर बीम मारणाऱ्यांची कमी नाही. सैन्यभरतीत दहा पुलअप्सना पूर्ण 40 गुण मिळत आल्यामुळे सगळी नजर आकड्यावर असते, आणि सातव्या-आठव्या बीमला हनुवटी दांड्यापलीकडे फेकून तो ‘पूर्ण’ केला जातो. तिथे फऱ्याचे स्नायू थकलेले असतात आणि उरलेलं अंतर मान भरून काढते. खांद्यात खटका आणि दुसऱ्या दिवशी मान धरणं याचं मूळ तिथे असतं. आठवड्यातले दोन दिवस मोजणी सोडा. दांड्याला नुसते लोंबा, कोपर न वाकवता फरे दोन-तीन सेंटिमीटर खाली ओढा आणि सोडा, आठ वेळा. मग बीम मारा, आणि हनुवटी पुढे निघाली की तो मोजू नका. सुरुवातीला दहाचे सहा होतात, सहाव्या आठवड्यापर्यंत आकडा बहुधा भरून येतो.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी त्याच खुर्चीत बसून भिंतीवरच्या खडूच्या खुणा पुन्हा तपासा, आधी उशांशिवाय. पहिल्या दिवशी उशा घेतल्यावर नजर जिथे पोहोचत होती, तिथे ती आता उशांशिवाय पोहोचली तर व्यायाम आठवड्यातून दोनदावर आणा. खूण जागची हलली नसेल आणि हातही तिथेच अडत असेल, तर फिजिओथेरपिस्टकडे जाताना या चारही तपासण्यांचे निकाल कागदावर लिहून न्या.